मुंग्यांचं यंत्र

या महिन्यात आलेल्या पत्रांत तीन पत्रं एकाच विषयाची निघाली. एकीची कंबर, दुसरीचा खांदा, तिसरीच्या सासूबाईंचे गुडघे. दुखणी वेगळी, पण प्रश्न एकच. "दुखण्यावर करंट देण्याचं ते छोटं यंत्र मिळतं, ते घरी घ्यावं का? त्याने खरंच बरं वाटतं का? शॉक तर बसणार नाही ना?"

उत्तर एका ओळीत देता आलं असतं. पण तसं देत नाही, कारण हे यंत्र माझ्या घरात आलेलं आहे. त्याने मला आराम पडला, आणि त्याच यंत्रापायी माझ्या हातून एक मोठी चूक होता होता राहिली. तेव्हा आज जरा सविस्तरच सांगते. चहाचा कप घेऊन बसा.

गेल्या पावसाळ्यात माझी कंबर धरली. भरलेली बादली न्हाणीघरातून मागच्या दारी नेताना अशी कळ आली की तिथेच भिंतीला टेकले. दोन दिवसांत कमी होईल म्हणून तेल चोळलं, गरम पाण्याची पिशवी घेतली. कमी काही होईना. सकाळी ओट्याशी उभं राहायचं, दुपारी शाळेत फळ्याशी उभं राहायचं, संध्याकाळी पुन्हा ओटा. आपलं दुखणं घरात सांगायची आपल्याला कोण जाणे का, लाजच वाटते. मुलाला दोन शिंका आल्या तर आपण डॉक्टरांकडे धावतो आणि स्वतःची कंबर दोन दोन महिने दुखली तरी "जरा अवघडली आहे" एवढंच म्हणतो. खरं की नाही?

मग मी काय केलं? औषधांच्या दुकानातून दुखणं थांबवायच्या गोळ्यांची पट्टी आणली. चिठ्ठी त्यांनी मागितली नाही, मी दाखवली नाही. आधी दिवसाला एक, मग दोन. गोळी घेतली की चार तास बरे जायचे. दीड महिन्याने पोटात आग पडू लागली, तेव्हा आमच्या डॉक्टरांकडे गेले. पट्टी पाहून त्यांनी कपाळाला हात लावला. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या जातीच्या गोळ्या आपल्या मनाने रोज घेत गेलं तर जठरात व्रण होऊ शकतो, मूत्रपिंडांवर ताण पडतो, रक्तदाबही चढतो. "चार दिवसांसाठी असलेली गोळी तुम्ही भाजी-आमटीसारखी रोजची केलीत," ते म्हणाले.

गोळ्या बंद झाल्या, कंबर मात्र होती तिथेच. माझी ही रड ऐकून माझ्या जाऊबाईंनी ते यंत्र पाठवून दिलं. त्यांनी ते एका प्रदर्शनात घेतलं होतं. तळहातावर मावेल एवढी डबी, तिला दोन वायरी आणि वायरींना चिकट चकत्या. सोबतच्या रंगीत कार्डावर सांधेदुखीपासून मधुमेहापर्यंत सगळ्या रोगांची यादी होती, वर वजन कमी होण्याचीही हमी! एवढं सगळं एका डबीने होत असतं तर दवाखाने ओस पडले असते, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण दुखणाऱ्या माणसाची अक्कल थोडी रजेवरच असते.

यंत्र लावलं. गुदगुल्या झाल्यासारखं वाटलं. म्हटलं, थोड्याने थोडं बरं वाटतं तर जास्तीने जास्त वाटेल. बटण वर वर नेत गेले. एकदम कंबरेचा स्नायू असा आवळला गेला की मी किंचाळलेच. चकत्या काढल्या तर खाली कातडी लालबुंद. दुसऱ्या दिवशी मुकाट्याने डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन फिजिओथेरपीच्या दवाखान्यात गेले. तिथल्या बाईंनी आधी माझी कंबर तपासली, मग यंत्र तपासलं आणि मग मला समोर बसवून एखाद्या विद्यार्थिनीसारखं शिकवलं. ते तुम्हालाही सांगते.

या यंत्राला टेन्स म्हणतात. पूर्ण नाव लांबलचक आहे, ट्रान्सक्युटेनियस इलेक्ट्रिकल नर्व्ह स्टिम्युलेशन. म्हणजे त्वचेवरून चेतातंतूंना दिलेली विजेची हलकी चेतना. ही वीज घरातल्या भिंतीतली नव्हे, बॅटरीच्या सेलची. ती अगदी सौम्य आणि तुकड्यातुकड्यांनी येते. सेकंदाला साधारण ऐंशी-शंभर ठोके, आणि एकेक ठोका सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास टिकणारा. अंगाला त्या मुंग्या आल्यासारख्या वाटतात. म्हणून आमच्या घरात त्याचं नावच 'मुंग्यांचं यंत्र' पडलं.

आता मुंग्यांनी दुखणं कसं कमी होतं? आपलं पोर पडलं की आपण काय करतो? "उगी, उगी" म्हणत लागल्या जागी हात फिरवतो आणि ते रडायचं थांबतं. त्यात माया असते तसंच शास्त्रही आहे. स्पर्शाची बातमी नेणारे चेतातंतू जाड आणि जलद असतात, दुखण्याची बातमी नेणारे बारीक आणि सावकाश. दोन्ही बातम्या पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत येतात आणि तिथून मेंदूकडे जातात. तिथे जणू एक दार आहे. एस.टी.च्या दारात गर्दी झाली की मागच्याला चढता येत नाही, तसं स्पर्शाच्या बातम्यांनी दार अडवलं की दुखण्याची बातमी पुरती पुढे सरकत नाही. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या दोन शास्त्रज्ञांनी १९६५ साली ही कल्पना मांडली. तिला 'गेट कंट्रोल' म्हणतात. पुढे १९६७ साली वॉल आणि विल्यम स्वीट यांनी विजेच्या हलक्या चेतनेने माणसाचं दुखणं तेवढ्यापुरतं शमतं हे दाखवलं, आणि तो प्रयोग आधी स्वतःवरच करून पाहिला. त्यानंतर १९७०च्या दशकात ही खिशात मावणारी यंत्रं आली.

कल्पना मात्र फार जुनी. पहिल्या शतकात स्क्रिबोनियस लार्गस नावाचा रोमन वैद्य डोकेदुखीवर आणि पायाच्या सांध्यांच्या दुखण्यावर विजेचा झटका देणारा जिवंत मासा लावायला सांगत असे. आपलं नशीब, आपल्याला डबी मिळाली!

ठोके सावकाश, सेकंदाला दोन-चार, आणि जरा जोरात दिले तर शरीर स्वतःची वेदनाशामक द्रव्यं, म्हणजे एंडॉर्फिन, सोडतं असं मानतात. पण ती पद्धत घरी आपल्या मनाने करायची नाही. दवाखान्यात वाट्या किंवा ओले स्पंज लावून देतात तो 'आयएफटी'चा करंट याचाच थोरला भाऊ समजा. त्यात दोन वेगवेगळे प्रवाह अंगात एकमेकांना छेदतात आणि त्यांचा परिणाम खोलवर होतो. तो दवाखान्यातच घ्यायचा.

आता महत्त्वाचं. याने दुखणं बरं होतं का? त्या बाईंनी मला स्पष्ट सांगितलं, "याने दुखणं झोपतं, जात नाही. ते झोपलेलं असताना तुम्ही व्यायाम करून घ्यायचा. कंबर बरी करणार ती तुमचा व्यायाम."

मागाहून मी वाचून पाहिलं, तर जाणकारांतही याबद्दल एकमत नाही. इंग्लंडमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या नाइस या संस्थेने २०१६ साली कंबरदुखीसाठी टेन्स देऊ नये असंच सांगितलं. उलट २०२२ साली ३८१ अभ्यास एकत्र करून एक मोठा आढावा निघाला. यंत्र चालू असताना आणि बंद केल्यावर लगेच, नुसतं नावाला लावलेल्या खोट्या यंत्रापेक्षा खऱ्या यंत्राने दुखणं कमी होतं, असं त्यात दिसलं. म्हणजे तेवढ्या वेळापुरता आराम, हेच पदरात पडतं. मुलींच्या आणि आपल्या मासिक पाळीतल्या पोटदुखीवरही काहींना याचा चांगला उपयोग होतो. मात्र दिवस गेल्याची जराही शंका असेल तर लावू नये.

"पण विजेने हाड जुळतं, जखम भरते असं ऐकलं," असं एका पत्रात आहे. तेही खोटं नाही. जपानमध्ये फुकादा आणि यासुदा यांनी १९५७ साली दाखवलं की हाडावर दाब पडला की त्यात सूक्ष्म वीज तयार होते. न जुळणाऱ्या हाडांसाठी विजेची उपकरणं अमेरिकेत १९७९ पासून मान्यता मिळून वापरात आहेत. चिघळलेल्या, महिनोन्‌महिने न भरणाऱ्या जखमांवरही इस्पितळात विजेचे उपचार होतात. पण ती यंत्रं निराळी, त्यांची मात्रा निराळी आणि ती डॉक्टरांच्या हातची. आपल्या डबीने हाडही जुळत नाही आणि जखमही भरत नाही. फुटलेल्या कातडीवर तर ती लावायचीच नाही. प्रदर्शनातली माणसं हे दोन धागे एकात एक गुंफतात आणि आपण फसतो.

तर, बाईंनी सांगितलं तसं मी वीस मिनिटं यंत्र लावायची आणि लगेच दहा मिनिटं व्यायाम करायची. पंधरा दिवसांत फरक पडला. बादली अर्धी भरून दोनदा न्यायची, ओट्याशी उभं राहताना एक पाय छोट्या पाटावर ठेवायचा आणि अधूनमधून पाय बदलायचा, या साध्या गोष्टींनीही आराम पडला. आणि मग काय! नवशिक्याचा उत्साह तुम्हाला ठाऊकच आहे. शिक्षकांच्या खोलीत मी या यंत्राचं पुराण लावून बसायची.

एका रविवारी दुपारी सासूबाई गुडघे चोळत बसल्या होत्या. म्हटलं, "आई, तुम्हालाही लावून देते. वीस मिनिटांत मोकळं वाटेल." त्यांनी लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलं. मी चकत्या चिकटवल्या. माझं बोट बटणावर होतं, आणि त्या सहज म्हणाल्या,

"हे माझ्या छातीतल्या यंत्राला चालतं का गं?"

माझा हात तिथेच थांबला. तीन वर्षांपूर्वी त्यांना पेसमेकर बसवला आहे. तो बसवताना इस्पितळात मीच रात्रभर बसले होते. दर सहा महिन्यांनी तपासणीला त्यांना मीच नेते. आणि तरी त्या क्षणी माझ्या डोक्यात तो नव्हता. डोक्यात होते ते फक्त गुडघे.

चकत्या काढल्या. डबीबरोबर आलेलं बारीक अक्षरांचं इंग्रजी पत्रक शोधून काढलं. ते मी आजवर उघडलंही नव्हतं. त्यात पहिलीच सूचना होती की पेसमेकर असणाऱ्यांनी हे यंत्र वापरू नये. सासूबाईंच्या हृदयाच्या डॉक्टरांना फोन केला, तेव्हा त्यांनी समजावून सांगितलं. पेसमेकर हृदयाच्या विजेवर कान लावून बसलेला असतो. ठोका आला नाही की तो स्वतः देतो. बाहेरून दुसऱ्या यंत्राचे ठोके आले तर त्याची फसगत होऊ शकते. हृदयच चाललं आहे असं समजून तो गप्प बसला, तर माणसाला चक्कर येईल, त्याहूनही वाईट होईल. "दर वेळी होईलच असं नाही," ते म्हणाले, "पण तुम्ही विचारलंत ते फार बरं झालं."

विचारलं मी नव्हतंच. चौथीपर्यंत शिकलेल्या माझ्या सासूबाईंनी विचारलं होतं. बी.ए. झालेली, वर्गात मुलांना "प्रश्न विचारा रे" म्हणून रोज सांगणारी सून मात्र बटण दाबायला निघाली होती. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. सकाळी मी त्यांना सगळं सांगून टाकलं. त्या एवढंच म्हणाल्या, "तू माझ्या मायेपोटीच करत होतीस. पण माया करतानाही विचारावं." हे वाक्य मी मनात जपून ठेवलं आहे.

तेव्हा मैत्रिणींनो, यंत्र घ्यायचंच असेल तर पुढचं कापून कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा.

यांनी लावू नये : पेसमेकर किंवा हृदयात दुसरं कुठलं विजेचं यंत्र असणारे, फेफरं येणारे, गरोदर बाया (पोटावर आणि कंबरेवर तर नाहीच), ज्या जागी कर्करोग आहे किंवा होता ती जागा, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झालेले. हृदयविकार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

इथे लावू नये : गळ्याच्या पुढच्या बाजूला, डोळ्यांजवळ, डोक्यावर, तोंडात, छातीवर आडवं, जखमेवर किंवा पुरळावर, आणि थेट मणक्याच्या हाडांवर. कंबरेला लावताना चकत्या मणक्याच्या दोन्ही बाजूंना, मांसल भागावर लावाव्यात. मधुमेहामुळे पावलं बधिर झालेल्यांनी तिथे अजिबात लावू नये. कातडीला जाणीवच नसेल तर भाजलेलंही कळत नाही.

असं लावावं : जागा साबणाने धुऊन कोरडी करावी. तेल, मलम, पावडर काही नको. जवळचे दागिने काढून ठेवावेत. चकत्या एकमेकींना टेकू नयेत, मध्ये किमान दोन बोटं अंतर असावं. यंत्र बंद ठेवूनच चकत्या चिकटवायच्या आणि बंद करूनच काढायच्या. जोर शून्यापासून सावकाश वाढवावा. मुंग्या ठळक जाणवाव्यात, पण सहन होतील अशाच. स्नायू उडायला लागला, टोचायला लागलं तर जोर जास्त झाला. वीस ते तीस मिनिटं पुरे. नंतर कातडी पाहावी. हलकी लाली तासाभरात जाते, तशीच राहिली किंवा खाज सुटली तर पुन्हा लावू नये.

हे लक्षात ठेवावं : न्हाणीघरात, झोपताना किंवा गाडी चालवताना यंत्र नको. चार्जिंगला लावलेलं असताना अंगावर नको. चकत्या ज्याच्या त्याच्या वेगळ्या असाव्यात आणि चिकटपणा गेला की बदलाव्यात. रोज त्याच जोरावर तेच लावत गेलं तर शरीराला सवय होऊन गुण कमी येतो, म्हणून दुखेल तेव्हाच लावावं. मुलांच्या हाती पडू देऊ नये.

आणि यंत्राच्याही आधी डॉक्टर. दुखणं दाबलं की त्याचं कारणही झाकलं जातं. कंबरदुखीबरोबर पायातली शक्ती कमी झाली, लघवी-शौचावरचा ताबा सुटला, मांड्यांच्या मधल्या भागाला बधिरपणा आला, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठायचं. ताप असेल, वजन उतरत असेल, पडल्यानंतर दुखत असेल किंवा रात्री दुखण्याने जाग येत असेल तरीही थांबू नये. कंबर दुखतेय आणि अंगावर जातंय असं असेल तर स्त्री-रोगतज्ज्ञांना दाखवावं. ते दुखणं कंबरेचं नसेलही.

सासूबाईंच्या गुडघ्यांचं काय केलं, हे विचारालच. फिजिओथेरपीच्या बाईंनी एक साधा व्यायाम दिला. पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, गुडघ्याने ती खाली दाबून पाच आकडे मोजायचे आणि सोडायची. असं दहा वेळा, दिवसातून दोनदा. त्याने मांडीचा स्नायू बळकट होतो आणि गुडघ्यावरचा भार हलका होतो. शिवाय गरम पाण्याची पिशवी, जमिनीवर मांडी घालून बसणं बंद, आणि पूजेला देवघरापुढे खुर्ची. खुर्चीला त्यांनी महिनाभर नकार दिला. मग एके दिवशी स्वतःच ओढून घेतली आणि म्हणाल्या, "देवाला माझे गुडघे माहीत आहेत."

तीनही पत्रांना आता थोडक्यात उत्तरं. कंबरवालीने आधी तपासून घ्यावं, मग यंत्र आणि व्यायाम दोन्ही जोडीने करावं. खांदावालीने आधी रक्तातली साखर तपासावी, कारण मधुमेहात खांदा आखडतो, आणि खांदा हलवायचा थांबवू नये. सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी विचारणाऱ्या मैत्रिणीने आज संध्याकाळी सासूबाईंजवळ बसावं आणि त्यांना कुठली औषधं चालू आहेत, कुठली शस्त्रक्रिया झाली आहे, पायाला स्पर्श नीट कळतो का, हे एकेक करून विचारून कागदावर लिहावं. तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जावं. यंत्र विकत घ्यायचं की नाही, ते त्यानंतर.

आमची डबी आता कपाटात वरच्या फळीवर आहे. तिच्यावर मी लाल शाईने मोठ्या मराठी अक्षरांत लिहिलं आहे, "आईंना नाही." जाऊबाईंनाही ते पत्रक मराठीत उतरवून पाठवलं. त्यांचा फोन आला, "अगं, मी तर हे शेजारच्या काकांनाही दिलं होतं. त्यांना विचारायलाच हवं." विचारा, म्हटलं, आजच विचारा.

पुढच्या आठवड्यात, बऱ्याच जणींनी मागितलेला ओट्याच्या उंचीचा विषय घेऊ. तोवर बादली अर्धीच भरा.